डॉक्टरबाईंच्या गाडीचा क्लच

हायड्रोलिक क्लच बसवून देणारा मिस्त्री म्हणून पनवेलात माझं थोडंफार नाव आहे. खारघरहून लोक येतात, उरणहून येतात, परवा एक जण खोपोलीहून आला होता. खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्यांना मी तसंच परत पाठवतो. गाडी स्टँडला लावतो, क्लचची केबल वरून सोडवतो, तिच्यात तेल सोडत राहतो, खालून काळं पाणी निघून स्वच्छ तेल यायला लागलं की केबल जोडतो आणि म्हणतो, "आता दाबून बघा." माणूस दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. क्लच हलका झालेला असतो. त्या बिचाऱ्या केबलला गाडी घेतल्यापासून कुणी तेलाचा थेंब दाखवलेला नसतो.

काहींना याचा रागही येतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी ठरवलेलं असतं की हँडलवर तेलाची ती छोटी डबी दिसलीच पाहिजे. अशांना मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो. दिसण्यासाठी हे काम करू नये. गरज असेल त्याच्यासाठीच करावं.

ज्यांनी कधी मोटरसायकल चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिग्नलला गाडी उभी असते, पण इंजिन चालूच असतं. हे कसं जमतं, तर क्लचमुळे. इंजिनाच्या आत गोल प्लेटा एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात, आणि त्यांच्यामार्फत इंजिनाचा जोर चाकाकडे जातो. डाव्या हाताची मूठ आवळली की स्प्रिंगांचा दाब निघतो, प्लेटा सुटतात आणि इंजिनाचं चाकाशी नातं तुटतं. मूठ सोडली की पुन्हा जुळतं. गिअर बदलताना, थांबताना, निघताना, गर्दीत पावलापावलानं पुढे सरकताना हेच करायचं. म्हणजे उजव्या हातानं ब्रेक आणि वेग बघायचा, आणि डाव्यानं दिवसभर स्प्रिंगांशी कुस्ती खेळायची. साध्या गाडीत मुठीचा जोर इंजिनापर्यंत एक तार नेते. ती तार म्हणजे केबल. हायड्रोलिकमध्ये तार काढून तिच्या जागी तेल भरलेली नळी येते. वर एक छोटा दट्ट्या, खाली एक मोठा दट्ट्या, मध्ये तेल. धडधाकट माणसाला यातला फरक फार तर सुखाचा वाटेल. ज्याचा हात गेलाय त्याला तो जगण्याचा असतो. उरणजवळच्या मोरा गावच्या धक्क्यावरून पहाटे मासळी आणणारा एक माणूस माझ्याकडे यायचा. होडीच्या दोरानं त्याची दोन बोटं निकामी केली होती. त्याच्या गाडीला मी हे काम केलं तेव्हा उरलेल्या दोन बोटांनी क्लच दाबत तो गॅरेजसमोर तीन-चार वेळा उगाच गिअर बदलत फिरला होता.

पण मला सांगायचंय ते डॉक्टरबाईंबद्दल.

डॉ. सुनंदा माणसांच्या डॉक्टर नव्हत्या, जनावरांच्या होत्या. नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली जी गावं आणि पाडे आहेत, तिथल्या गाईम्हशींचं सगळं त्या बघायच्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हेल्मेट काढताना तो सुटू नये म्हणून एक विशिष्ट पद्धतीनं मान वाकवायची सवय. गाडी त्यांची दीडशे सीसीची, साधी, मागे दोन्ही बाजूंना औषधांच्या पेट्या. पनवेल-नेरे रस्त्यावर त्यांना सगळे ओळखायचे. फार्महाऊसवाले शनिवारी मोठमोठ्या गाड्या घेऊन येतात, त्यांनाही त्या ओव्हरटेक करून जायच्या.

एका दुपारी त्या गॅरेजमध्ये आल्या आणि गाडीवरून उतरल्याच नाहीत. उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट धरून बसल्या होत्या.

"अनंतराव, माझा क्लच बघा. फार जड झालाय."

मी दाबून बघितला. क्लच जड नव्हता. आठवड्यापूर्वी मीच केबल बदलली होती. मी तसं सांगितलं.

"मग हात जड झालाय," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्यांनी मला हाताची हकीकत सांगितली तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा धंदा कळला. जनावरांच्या डॉक्टरला गाय गाभण आहे का हे बघायचं तर हात आत घालून बघावं लागतं. उजव्या हातात औजार, म्हणून आत जातो तो डावा हात, पार खांद्यापर्यंत. गाय कळ देते, आवळते, आणि आतल्या हाडावर मनगट चेचलं जातं. अडलेलं वासरू सोडवतानाही पुन्हा तोच हात. सगळं आयुष्य असं काढल्यावर मनगटाचा सांधा झिजला होता, नसही दबली होती. रात्री बोटांना मुंग्या येत. हाताच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की ऑपरेशननं दुखणं कमी होईल, जोर परत येईल याची खात्री नाही.

"बिनगिअरची स्कूटर घ्या ना," मी म्हटलं. कुणीही हेच म्हणेल.

"भाचीची नेली होती. ओढ्यात चाक दगडांत अडकलं आणि मी पाण्यात बसले. ती छोटी चाकं तिथं चालत नाहीत. जीप वरपर्यंत जात नाही. गाडी सुटली तर मला खाली दवाखाना टाकून बसावं लागेल, आणि म्हैस काही रिक्षा करून येत नाही."

हे शेवटचं त्या हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

लहान गाडीला हायड्रोलिक क्लच तयार मिळत नाही, तो जमवावा लागतो. वरचा भाग, म्हणजे लिव्हर आणि तेलाची डबी, मी भंगारात आलेल्या एका मोठ्या गाडीचा मिळवला आणि आतली सगळी रबरं नवी घातली. खालचा सिलिंडर लेथवाल्याकडून करून घ्यायचा होता. पण कोणत्या मापाचा? इथेच या कामाची खरी मेख आहे. डॉक्टरांना ती मी तोंडी समजावून सांगत होतो, हातवारे करत होतो, तेवढ्यात त्यांनी पेटीतून एक बारीक सिरिंज काढली, एक म्हशीला टोचायची जाडी सिरिंज काढली, सलाईनच्या नळीचा तुकडा मध्ये जोडला आणि पाणी भरलं.

"असंच ना?" म्हणाल्या.

अगदी असंच. बारकी सिरिंज दाबली की जाडीचा दट्ट्या पुढे सरकतो. मी जाडीवर अंगठा दाबून धरला तरी त्यांनी एका बोटानं बारकी दाबून माझा अंगठा उचलला. जोर वाढतो. पण बारकी पूर्ण दाबून झाली तरी जाडीचा दट्ट्या जेमतेम सरकलेला. फुकट काही मिळत नाही. क्लच जितका हलका कराल तितकी खाली प्लेटांची हालचाल कमी. फार हलका केला तर मूठ पूर्ण आवळूनही प्लेटा नीट सुटणार नाहीत आणि पहिल्या गिअरमध्ये उभी गाडी पुढे पुढे ओढेल. उतारावर, दगडांत, ते अंगाशी येईल.

आम्ही दोघं टेबलावर सिरिंजा मांडून पोरांसारखे खेळत बसलो. शेवटी त्या म्हणाल्या, "थोडा जड राहिला तरी चालेल, पण सुटला पाहिजे. मला भरवशाचा द्या."

त्या मापानं सिलिंडर करून घेतला. बसवला, तेल भरलं आणि हवा काढायला बसलो. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर मुठीचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो. म्हणून लिव्हर दाबायचं, खालची छोटी चावी सैल करायची, तेलाबरोबर बुडबुडा बाहेर येऊ द्यायचा, चावी बंद करायची, मग लिव्हर सोडायचं. पुन्हा. पुन्हा. हे काम घाई करणाऱ्याचं नाही. डॉक्टरांनी लिव्हर दोन-तीनदा दाबून बघितलं. हेल्मेट घातलं, मान तशीच वाकवली आणि नेऱ्याच्या दिशेनं निघून गेल्या. संध्याकाळी फोन आला. "अनंतराव, चार पाडे करून आले. मनगट आहे हे आठवावं लागलं."

त्या दिवशी मी घरी जाताना जिलेबी घेऊन गेलो.

पुढे वर्ष-दीड वर्ष चांगलं गेलं. मग तो दिवस आला. पाऊस सरत आला होता, भात पोटरीला आलं होतं. दुपारी मी एका गाडीचं इंजिन उघडून बसलो होतो आणि फोन वाजला.

"अनंतराव, गाडी पडली."

"तुम्हाला लागलं?"

"मी गाडीवर नव्हते. म्हशीनं पाडली."

त्या डोंगराखालच्या एका पाड्यावर होत्या. कमळ नावाच्या बाईची म्हैस व्यायली होती. कमळला नवरा नव्हता, थोडी शेती आणि ही एक म्हैस, एवढाच तिचा संसार. रेडकू सुखरूप झालं होतं. पण एक कुत्रं अंगणात शिरलं आणि ओली बाळंतीण म्हैस दावं तोडून त्याच्यामागे धावली. मध्ये गाडी होती. गाडी डाव्या अंगावर दगडावर आदळली, लिव्हर मोडलं, नळीचा जोड उखडला आणि तेल सगळं मातीत गेलं.

"राहू द्या गाडी. मी येतो," मी म्हटलं.

"तसं नाही. दामू भगतांची गाय सकाळपासून अडलीय. दोनदा फोन आला. मला आत्ता तिकडं जायचंय. इथले सगळे पुरुष कामावर गेलेत, गाड्या घेऊन. चालत गेले तर उशीर होईल."

केबलवर चालणाऱ्या गाडीची हीच गंमत असते. केबल तुटली तरी कुठल्याही गावात कुणीतरी तिला गाठ मारून देतो. तेलाला गाठ मारता येत नाही. हे माहीत असल्यामुळेच मी जुनं लिव्हर आणि जुनी केबल फडक्यात गुंडाळून त्यांच्या डाव्या पेटीच्या तळाशी ठेवून दिली होती, आणि खाली केबल अडकवायची जागाही तशीच ठेवली होती. मी त्यांना तसं सांगितलं.

"बसवेल कोण? माझ्या हातात पाना ठरत नाही."

मागून आवाज आला, "मना सांगा. मी बसवते."

डॉक्टरांनी फोन स्पीकरवर टाकला. "ही कमळ. बोला."

"मिस्तरी, पाना घावला. नट कंच्या बाजूला फिरवू?"

"घड्याळाच्या काट्याच्या उलट."

"घड्याल नाय आमच्याकडं."

"डाव्या बाजूला. जोर लावून."

"सुटला."

मी इतकी वर्षं कितीतरी जणांना काम शिकवलंय, पण फोनवरून इतकं नीट काम करणारं माणूस मला भेटलं नव्हतं. जे दिसतंय तेवढंच ती सांगायची. "हितं तारंला मणी हाय." तो मणी खालच्या खाचेत बसव, म्हटलं. "बसला." मग वरचं लिव्हर हँडलला आवळलं, तार जोडली. मी म्हटलं, आता दाबून बघ. "दाबलं. कडक हाय, पन दाबतंय."

मग डॉक्टरांचा आवाज. त्यांनी दाबून बघितलं असावं. "नाही, अनंतराव. अर्ध्यावर हात सुटतो."

मग कमळ म्हणाली, "डॉक्टरबाय, तुमी पुढं बसा. मी मागं बसते. तुमी सांगाल तवा मी दाबते."

"तू गाडीवर कधी बसलीयस?"

"नाय. तुमी बसा तं खरं."

फोन बंद झाला. मी इंजिन तसंच उघडं टाकलं, नळी, लिव्हर आणि तेलाची बाटली पिशवीत घातली, शटर ओढलं आणि निघालो.

दामू भगतांचा गोठा डांबरी रस्त्याजवळ, पनवेलच्या बाजूला होता, म्हणून मी त्या दोघींच्या आधी पोहोचलो. दामूकाका सत्तरीचे. रस्त्यालगतची जमीन विकून मुलांनी दुमजली घरं बांधली होती, पण म्हाताऱ्यानं गोठा सोडला नव्हता. गाय आडवी पडली होती, मान टाकून. काका तिच्या डोक्याशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होते.

"डॉक्टरीन येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतायत."

मग ओढ्याकडून गाडीचा आवाज आला. गाडीचा आवाज ऐकून ती कशी चालवली जातेय हे मला कळतं, आणि तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गचका, मग थोडं सरळ, पुन्हा गचका. वळणावर त्या दोघी दिसल्या. डॉक्टर पुढे. कमळ त्यांच्या पाठीला पोट लावून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, आणि तिचा डावा हात डॉक्टरांच्या हातावरून पुढे जाऊन लिव्हरवर. डॉक्टर म्हणत होत्या, "दाब. धर. सोड, हळू, हळू." अंगणापाशी आल्या तेव्हा त्यांनी काही सांगितलं नाही. इंजिनाचा आवाज पडला तसा कमळनं आपणहून क्लच दाबला आणि गाडी न गचकता थांबली.

कमळ उतरली. "जाम भ्याव वाटला," ती म्हणाली आणि हसली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या सरळ गोठ्यात गेल्या, बाही वर केली, डावा हात खांद्यापर्यंत साबणानं धुतला आणि गाईच्या मागे गुडघ्यांवर बसल्या. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. ज्या हातासाठी मी ते सगळं काम केलं होतं, तो हात कामावर असताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मान मागं वळलीय," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. वासराचे पाय पुढे होते, डोकं मात्र कुशीकडे वळलेलं. ते धरून सरळ केल्याशिवाय वासरू बाहेर येणार नव्हतं. तेवढ्यात गाईनं कळ दिली. डॉक्टरांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर एकदम घाम आला आणि ओठ पांढरे पडले. कळ गेली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कळ. तिसऱ्यांदा त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटांकडे बघत राहिल्या. बोटं वळत नव्हती.

"उजव्यानं?" मी विचारलं.

"उजव्याला आतलं दिसत नाही हो. सगळं आयुष्य डाव्यानंच बघितलंय."

दामूकाकांनी वर बघितलं. गाय मोठ्यानं श्वास घेत होती.

डॉक्टरांनी वळून कमळकडे पाहिलं. कमळचा हात बारीक होता, लांब, आणि अख्खा रस्ता क्लच दाबत तिनं नुकतीच गाडी आणली होती.

"कमळ, हात धू. खांद्यापर्यंत. नखं बघू."

कमळनं एकदाही "मी?" म्हणून विचारलं नाही. तिनं बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या, हात धुतला आणि डॉक्टरांच्या जागेवर बसली. डॉक्टर तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या.

"हळू जा. काय लागतंय?"

"पाय. दोन पाय."

"त्यांच्यावरनं पुढं. डावीकडं वळ."

"मऊ हाय. दोन भोका हायेत."

"नाकपुड्या त्या. कळ आली की हात ढिला सोड, गाईशी भांडू नको. थांब. आता गेली. नाकाच्या खाली जा. जबडा लागला?"

"दात लागलं."

"दातांच्या मागं दोन बोटं अडकव. दुसऱ्या हातानं पाय मागं ढकल. आता जबडा तुझ्याकडं घे. ओढू नको, वळव."

कमळची मान ताठ झाली होती. तिच्या दंडाची शीर दिसत होती. मग ती म्हणाली, "आला. डोका आला."

पायांना दोर बांधला. डॉक्टर सांगतील तेव्हा मी आणि दामूकाकांनी ओढायचं होतं, कळ असेल तेव्हाच, खालच्या दिशेनं. दोन कळांत वासरू बाहेर आलं. कालवड होती, तांबडी, आईसारखीच. डॉक्टरांनी तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, नाकात गवताची काडी घातली, छाती चोळली, मागच्या पायांनी उचलायला सांगितली, पाणी मारलं. बराच वेळ त्या थांबल्या नाहीत. मग त्यांनी वासराच्या डोळ्याला बोट लावून बघितलं आणि त्याच्यावर पोतं पांघरलं.

कमळ तशीच बसली होती, रक्ताचा हात हवेत धरून. "मना उशीर झाला काय?"

"नाही. ती सकाळीच गेली होती, आपण यायच्या आधी. आत राहिली असती तर गायही गेली असती. तू गाय वाचवलीस."

दामूकाका उठले. त्यांनी पोत्याचं एक टोक नीट केलं. मग घरात जाऊन तांब्याभर गरम पाणी आणलं आणि कमळच्या हातावर स्वतः ओतलं. "बाय, कुनाची गं तू?" त्यांनी विचारलं. तिनं पाड्याचं नाव सांगितलं. "हां," ते म्हणाले आणि पाणी ओतत राहिले.

संध्याकाळी गाय उठून उभी राहिली आणि तिनं पेंढ्याला तोंड लावलं. तोवर मी अंगणात गाडीला नवी नळी आणि लिव्हर बसवलं होतं, तेल भरलं होतं, हवा काढत होतो. लिव्हर दाबायला कमळ होती. डॉक्टर ओट्यावर बसून डावा हात कोमट पाण्यात बुडवून आमच्याकडे बघत होत्या.

"अनंतराव, तुम्ही काम फार चांगलं केलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गाडी चालवता येतेय म्हणजे सगळं चाललंय. वर्षभर मी गाडीवरनं तिथवर पोहोचत होते एवढंच. पोहोचून जे करायचं ते होत नव्हतं. गेले दोन महिने तर अवघड केस आली की मी दुसरीकडं पाठवत होते. आज पाठवायला वेळ नव्हता म्हणून कळलं."

गाडीचं दुखणं गाडीवर संपतं असं मिस्त्रीला वाटतं. माणूस गाडीवरून उतरल्यावर त्याचं काय होतं, ते आम्ही बघत नाही. आमच्या धंद्यात ती रीतच नाही.

पुढचं सगळं कमळनं केलं. ती डॉक्टरांबरोबर मागे बसून जायला लागली. आधी पेटी उचलायला, मग जनावर धरायला, मग डॉक्टर बोलणार आणि हात हिचा, असं. डॉक्टरांनी तिला पशुसखीच्या, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक देखभाल करणाऱ्या बायकांच्या, प्रशिक्षणाला पाठवलं. औषध काय, सुई किती, हे ठरवणार डॉक्टरच. पण आत हात घालून काय लागतंय ते सांगणारी कमळ. पाड्यांवर सुरुवातीला लोक कुरकुरले. एक-दोन जनावरं वाचल्यावर कुरकुर थांबली. गाडी ती नेऱ्याच्या मैदानावर शिकली. दोनदा पडली, एकदा कुणाच्या तरी कुंपणात घुसली, हे तिनंच मला हसत सांगितलं.

गेल्या दिवाळीच्या आधी दोघी गॅरेजमध्ये आल्या. कमळ पुढे, डॉक्टर मागे. गाडी स्टँडला लावून कमळ म्हणाली, "मिस्तरी, ह्यो काढा."

"काय काढू?"

"ह्यो तेलाचा क्लच. केबल घाला."

मला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी गळतंय. मी वाकून बघितलं. एक थेंब नव्हता. लिव्हर दाबलं, लोण्यासारखं. माझ्या हातून झालेल्या चार चांगल्या कामांतलं ते एक होतं. मी म्हटलं, "अगं, लोक हा बसवून घ्यायला लांबून येतात."

"येऊ दे. माझ्या हाताला लय मऊ लागतं. गाडी कुठं पकडतंय समजत नाय. आनि पाड्यावर मोडली तं मी काय करू? तेल कुठून आनू? केबल मी सोता बदलते."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्या नक्की माझी बाजू घेतील असं मला का कोण जाणे वाटलं होतं.

"काढा, अनंतराव," त्या म्हणाल्या. "गाडी आता ती चालवते."

मी काढायला बसलो. डबीतलं तेल बाहेर घेतलं, नळी सोडवली, मापानं करून घेतलेला तो सिलिंडर उतरवून फडक्यानं पुसला. नवी केबल घेतली, तिला वरून तेल सोडलं, बसवली. लिव्हरला थोडी ढील ठेवली. कमळनं दाबून बघितलं आणि म्हणाली, "आजून थोडी ढील." तिचं बरोबर होतं. तिचा पंजा बारीक होता, लिव्हर मुठीजवळ आल्यावरच तिला जोर सापडायचा. मी अजून थोडी सोडली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आपटा गावाकडच्या कुणाची तरी म्हैस खात नव्हती. तिनं चार प्रश्न विचारले, डॉक्टरांकडे बघून दोन उत्तरं दिली आणि गाडीला किक मारली. डॉक्टर मागे बसल्या, हेल्मेटसाठी मान वाकवली. कमळनं मूठ आवळली, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू सोडली. न गचकता गाडी रस्त्याला लागली.

नाक्यावर सिग्नल होता, म्हणून मला त्या थोडा वेळ दिसत राहिल्या. ट्रकांच्या रांगेत कमळ पावलापावलानं गाडी पुढे काढत होती, दाबत होती, सोडत होती. मागे डॉक्टरबाई उजव्या हातानं सीटची कडी धरून बसल्या होत्या. डावा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, तळवा वर करून. त्याला आता कुठं काही करायचं नव्हतं.